घरी शिकणाऱ्या मुलांना संगणक आतून कसा चालतो हे शिकवताना सुरुवात कोठून करावी?

प्रश्न : गोदाकाठ (नाशिक)

नमस्कार. आम्ही नाशिकमधील तीन कुटुंबे मुलांना शाळेत न पाठवता घरीच शिकवतो. दहा ते तेरा वर्षे वयाची आमची पाच मुले आठवड्यातून दोन दुपारी एकत्र बसतात आणि एखादा विषय काही महिने सलग अभ्यासतात. या पावसाळ्यात संगणक हा विषय घ्यायचे ठरले आहे. मुले स्क्रॅचमध्ये (आज्ञांचे ठोकळे जोडून प्रोग्रॅम बनवण्याच्या प्रणालीत) लहान खेळ बनवतात, शब्दांकन करतात, चित्रे काढतात, त्यामुळे संगणक वापरायला शिकवणे हा माझा हेतू नाही. मी ठोकळा सरकवला आणि पडद्यावरचे मांजर चालू लागले, तर या दोहोंच्या मध्ये नेमके काय घडले, हे मुलांना कळावे अशी माझी इच्छा आहे. आमच्या गटातील थोरली मुलगी प्रत्येक वेळी एकच प्रश्न विचारते, "पण त्याला कळतं कसं?" आणि त्याचे प्रामाणिक उत्तर माझ्याजवळ नाही.

उपलब्ध अभ्यासक्रम मी पाहिले आहेत. एमएस-सीआयटीचा भर वापरावर आहे. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेच्या (एनआयओएस) दहावीला डेटा एन्ट्री ऑपरेशन्स हा विषय घेता येतो, पण त्याचा रोख त्याच्या नावातच स्पष्ट होतो. केंब्रिजच्या आयजीसीएसई परीक्षेतील संगणकशास्त्रात द्विमान संख्या (फक्त ० आणि १ या अंकांत लिहिलेल्या), लॉजिक गेट (० व १ घेऊन ० किंवा १ उत्तर देणारी लहान मंडले) आणि प्रोसेसरचे कार्यचक्र हे सारे आहे, मात्र आमची मुले परीक्षेच्या वयापासून अजून दूर आहेत आणि व्याख्या पाठ करून घेण्याची मला घाई नाही. "सीपीयू (म्हणजे प्रोसेसर) हा संगणकाचा मेंदू आहे" हे वाक्य मुलांना पाठ आहे, पण त्या वाक्याने काहीही उलगडत नाही असे मला मनापासून वाटते.

मी स्वतः रसायनशास्त्राची पदवीधर आहे. इलेक्ट्रॉनिक्सचे माझे ज्ञान बारावीपर्यंतचे आहे. घरात एक जुना, बंद पडलेला डेस्कटॉप आहे. तो उघडून सुरुवात करावी, की विजेपासून करावी, की द्विमान संख्यांपासून? संगणक समोर नसताना यातले कितपत शिकवता येते? आणि जुने यंत्र मुलांच्या हाती देताना कोणती काळजी घ्यावी? ज्यांनी मुलांना हे प्रत्यक्ष शिकवले आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.


उत्तर : कोथरूडचा बाबा (पुणे)

ताई, मी व्यवसायाने प्रोग्रॅमर आहे आणि माझी दोन्ही मुले घरी शिकतात. माझे मत असे आहे की डेस्कटॉप उघडण्याचा कार्यक्रम अगदी शेवटी ठेवावा. झाकण काढल्यावर मुलांना हिरवी पाटी, काळे चौकोन आणि एक पंखा दिसतो. पंख्याखेरीज काहीच हलत नाही. मग आपण बोट दाखवून नावे सांगतो, मुले नावे पाठ करतात, आणि "त्याला कळतं कसं" हा प्रश्न जिथल्या तिथे राहतो.

संगणकाच्या मुळाशी एक कल्पना आहे : काय करायचे ही आज्ञासुद्धा एक संख्याच असते, आणि ज्या मेमरीत आकडे ठेवलेले असतात त्याच मेमरीत तीही ठेवलेली असते. गणितज्ञ जॉन फॉन नॉयमन यांच्या नावे १९४५ साली प्रसृत झालेल्या एडव्हॅक या संगणकाच्या अहवालात ही रचना मांडलेली आहे आणि आजचा फोन त्याच रचनेचा वारस आहे. ही कल्पना मुलांच्या हातांनी घडली पाहिजे आणि त्यासाठी विजेची गरज नाही. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत स्टुअर्ट मॅडनिक यांनी १९६५ साली विद्यार्थ्यांसाठी 'लिटल मॅन कॉम्प्युटर' नावाचे एक कल्पित यंत्र तयार केले, आणि १९६८ साली बेल प्रयोगशाळेने शाळांसाठी 'कार्डियाक' नावाचा पुठ्ठ्याचा संगणक काढला. दोन्ही यंत्रे दशमान संख्यांवर चालतात, त्यामुळे पहिल्या दिवशी द्विमान पद्धत शिकवावी लागत नाही. आम्ही मॅडनिक यांची आज्ञावली घेतो. ती अशी.

चार्टपेपरवर दहा गुणिले दहा असे शंभर खण आखा आणि त्यांना ०० ते ९९ असे क्रमांक द्या. प्रत्येक खणात पेन्सिलने तीन अंकी एकच संख्या लिहायची. शेजारी एक पाटी ठेवा. तिच्यावर एका वेळी एकच संख्या राहते. एक सोंगटी घ्या, जी पुढची आज्ञा कोणत्या खणातून उचलायची ते दाखवते. बाहेरून येणाऱ्या चिठ्ठ्यांसाठी एक वाटी आणि जाणाऱ्या चिठ्ठ्यांसाठी दुसरी. तीन अंकी आज्ञेतील पहिला अंक काय करायचे ते सांगतो आणि उरलेले दोन अंक कोणत्या खणाशी करायचे ते सांगतात. १ म्हणजे त्या खणातील संख्या पाटीवरच्या संख्येत मिळवा, २ म्हणजे वजा करा, ३ म्हणजे पाटीवरची संख्या त्या खणात लिहा, ५ म्हणजे त्या खणातील संख्या पाटीवर उतरवून घ्या. ६ म्हणजे सोंगटी थेट त्या खणावर न्या. ७ म्हणजे पाटीवर शून्य असेल तरच न्या, आणि ८ म्हणजे पाटीवर शून्य किंवा त्याहून मोठी संख्या असेल तरच न्या. ९०१ म्हणजे वाटीतून एक चिठ्ठी घेऊन तिच्यावरची संख्या पाटीवर लिहा, ९०२ म्हणजे पाटीवरची संख्या चिठ्ठीवर लिहून बाहेरच्या वाटीत टाका, ००० म्हणजे थांबा. ४ हा अंक या आज्ञावलीत मोकळा आहे. तो मुलांसाठी राखून ठेवा, कारण काही आठवड्यांनी त्यांना स्वतःची एक आज्ञा निर्माण करावीशी वाटेल, आणि ती कोणती असावी यावर ती जो वाद घालतात तो ऐकण्यासारखा असतो.

आता खण ०० पासून पुढे ९०१, ३१०, ९०१, ११०, ९०२, ००० या संख्या लिहा, वाटीत कोणत्याही दोन संख्यांच्या चिठ्ठ्या टाका आणि सोंगटी ०० वर ठेवा. बाहेर बेरीज येईल. एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट : आज्ञा वाचून झाली की ती पाळण्याच्या आधीच सोंगटी एक खण पुढे सरकवायची. प्रत्यक्ष प्रोसेसरमध्येही साधारण हाच क्रम असतो, आणि तो पाळला नाही तर ६, ७ व ८ या आज्ञांच्या वेळी सोंगटीचा घोळ होतो.

कामे मुलांत वाटून द्या. एकाने फक्त सोंगटी सांभाळायची, एकाने फक्त खणांत वाचायचे व लिहायचे, एकाने पाटी, एकाने वाट्या, आणि एकाने पहिला अंक पाहून कोणी काय करायचे ते पुकारायचे. प्रोग्रॅम कशासाठी आहे हे कोणालाही सांगू नका. पाचपैकी एकालाही आपण बेरजेचा प्रोग्रॅम चालवत आहोत हे ठाऊक नसते आणि तरीही बरोबर बेरीज बाहेर पडते. आपल्या गटातील मुलीच्या प्रश्नाचे उत्तर या क्षणी मिळते, कारण ती स्वतः यंत्राचा एक भाग असते आणि तिला काहीच कळलेले नसते.

दुसरा प्रोग्रॅम म्हणून खण ०० ते ०४ मध्ये ९०१, ९०२, २१०, ८०१, ००० आणि खण १० मध्ये ००१ लिहा. वाटीत ३ टाकला तर ३, २, १, ० अशा चिठ्ठ्या बाहेर येतात आणि यंत्र थांबते. पाच संख्यांचा प्रोग्रॅम कितीही मोठ्या मोजणीला पुरतो हे मुलांना येथे दिसते, आणि स्क्रॅचमधील 'पुन्हा पुन्हा करा' हा ठोकळा आत काय असतो तेही.

शंभर खण मुलांना थोडे वाटतात. त्यांना सांगा की मँचेस्टर विद्यापीठात २१ जून १९४८ रोजी मेमरीत साठवलेला प्रोग्रॅम प्रथमच ज्या यंत्राने चालवला, त्या 'बेबी' यंत्रात केवळ ३२ खण होते आणि तो पहिला प्रोग्रॅम १७ आज्ञांचा होता. त्या यंत्रात बेरजेची आज्ञाच नव्हती, केवळ वजाबाकी होती. आपल्या यंत्रातूनही १ ही आज्ञा काढून टाका आणि तिच्याशिवाय बेरीज करून दाखवायला सांगा. शून्यातून दुसरी संख्या वजा करायची आणि आलेले उत्तर पहिलीतून वजा करायचे, हे मुलांना स्वतः सुचू द्या. त्यासाठी खणांत ऋण संख्या लिहायची मुभा मात्र द्यावी लागेल.

वेगाचा विषय शेवटी घ्या, पण टाळू नका. ३ गिगाहर्ट्झच्या प्रोसेसरचे घड्याळ सेकंदाला ३ अब्ज ठोके देते आणि त्याच्या एका ठोक्यात प्रकाशही सुमारे १० सेंटिमीटरच पुढे जातो. एक ठोका एक सेकंदाचा मानला, तर मुख्य मेमरीतील संख्या हाती यायला काही मिनिटे लागतील आणि जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवरील संख्या यायला वर्षाच्या आसपास. हा गुणाकार मुलांकडूनच करून घ्या : डिस्कला १० मिलिसेकंद लागतात असे धरले तर ३ कोटी ठोके होतात, म्हणजे ३४७ दिवस. प्रोसेसरजवळ लहान वेगवान मेमरी का ठेवतात, हे मग वेगळे सांगावे लागत नाही.


उत्तर : सेवानिवृत्त अध्यापक (सांगली)

वरील उत्तर मला मनापासून पटले. तरी एका मुद्द्यावर मी वेगळा आहे, आणि अनेक वर्षे तंत्रनिकेतनात डिजिटल इलेक्ट्रॉनिक्स शिकवल्यामुळे तो मांडणे मला आवश्यक वाटते. कागदी यंत्रात पाटीवरची बेरीज अखेर एक मूलच करते. म्हणजे त्या मुलीचा प्रश्न संपत नाही, तो फक्त एका जागी गोळा होतो : बेरीज करणाऱ्याला बेरीज कशी येते? याचे उत्तर तारांमध्ये आहे. म्हणून आठवड्यातील एक दुपार कागदी यंत्राला आणि दुसरी विजेच्या मंडलांना (सर्किटना) द्यावी असे मी सुचवतो. दोन्ही कामे वेगवेगळ्या टोकांकडून एकमेकांकडे येतात आणि मुलांना मधले अंतर कमी होताना दिसते.

सुरुवात जिन्याच्या दिव्यापासून करा. खाली एक बटण, वर एक बटण, कोणतेही एक दाबले तरी दिव्याची अवस्था बदलते. घरातील जोडणीला मुलांनी हात लावायचा नाही. दोन पेन्सिल सेल, एक लाल एलईडी, एक रोधक (रेझिस्टर) आणि दोन टू-वे स्विच घेऊन तेच मंडल टेबलावर बांधायचे. दोन्ही स्विच एकाच बाजूला असले की दिवा बंद आणि वेगवेगळ्या बाजूंना असले की चालू, अशी जोडणी करा. मग दुसरा दिवा घ्या आणि त्यासाठी दोन साधे स्विच एकापुढे एक जोडा, म्हणजे दोन्ही दाबल्याशिवाय तो लागणार नाही. आता स्विच दाबलेला म्हणजे १ आणि न दाबलेला म्हणजे ० असे मानून दोन एकअंकी द्विमान संख्यांची बेरीज मुलांना कागदावर लिहायला सांगा. ० आणि ० मिळून ०, ० आणि १ मिळून १, १ आणि १ मिळून ० आणि हातचा १. पहिला दिवा एककस्थानचा अंक दाखवतो आणि दुसरा दिवा हातचा दाखवतो. दुसरीपासून मुले जो हातचा घेत आली आहेत तो येथे एका तारेत दिसतो. माझ्या अध्यापनाच्या काळात याहून अधिक परिणामकारक तास मी क्वचितच पाहिला.

स्विचांच्या जोडण्या आणि तर्कशास्त्राचे बीजगणित एकच आहे, हे क्लॉड शॅनन यांनी एमआयटीमधील आपल्या १९३७ सालच्या प्रबंधात दाखवले. तोपर्यंत टेलिफोन केंद्रातील रिलेंची (विजेच्या चुंबकाने दाबल्या जाणाऱ्या स्विचांची) जाळी अनुभवाने जुळवली जात. शॅनन यांच्यानंतर ती समीकरणाने मांडता येऊ लागली. मुलांना इतका इतिहास पुरे आहे.

पुढची पायरी म्हणजे बोटाने दाबायच्या स्विचच्या जागी विजेने दाबला जाणारा स्विच. तो पूर्वी रिले होता, मग निर्वात नळी आली, आणि बेल प्रयोगशाळेत १९४७ साली ट्रान्झिस्टर बनला. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली सुरू झालेला टिफ्रॅक हा संगणक नळ्यांवरच चालत असे. एका स्विचचे फळ दुसऱ्या स्विचला दाबू शकते, ही एकच गोष्ट साधली की स्विचांची माळ कितीही लांबवता येते. येथे ७४०० या क्रमांकाची चिप आणा. चौदा पायांच्या या चिपमध्ये चार नँड गेट असतात. दोन्ही प्रवेश १ असतील तरच नँडचे उत्तर ०, एरवी १. चार नँड योग्य रीतीने जोडले की जिन्याच्या दिव्याचे मंडल तयार होते, म्हणजे एक चिप पुरते. त्यातील पहिल्या नँडचे उत्तर पाचव्या नँडने उलटे केले की हातचा मिळतो. आधीचा हातचाही सामावून घेणारी पूर्ण बेरीज नऊ नँडमध्ये होते. चिपला ५ व्होल्ट लागतात, ते मोबाइल चार्जरच्या यूएसबी तारेतून मिळतात. बाजारात बहुधा ७४एचसी०० हा प्रकार मिळेल, त्याचे न वापरलेले प्रवेश लोंबकळत ठेवू नयेत, ते शून्य किंवा ५ व्होल्टला जोडावेत, अन्यथा उत्तरे अकारण बदलत राहतात. हे सुटे भाग पुण्यात तपकीर गल्लीत आणि मुंबईत लॅमिंग्टन रोडवर मिळतात, नाशिकला मागवूनही घेता येतील.

यानंतर मेमरी. दोन नँड घ्या, प्रत्येकाचे उत्तर दुसऱ्याच्या एका प्रवेशाला द्या, आणि उरलेले दोन प्रवेश दहा किलोओहमच्या रोधकांनी ५ व्होल्टला जोडून प्रत्येकाला जमिनीशी जोडणारे एक दाबबटण लावा. एक बटण क्षणभर दाबून सोडले की दिवा लागतो आणि लागलेलाच राहतो. दुसरे दाबले की विझतो आणि विझलेलाच राहतो. कोणते बटण शेवटी दाबले गेले हे मंडलाने धरून ठेवले आहे. कागदी यंत्राच्या एका खणातील एका बिटाची, म्हणजे एका ० किंवा १ ची, ही जागा आहे, आणि तशा जागा अनेक झाल्या की पाटीही त्यातूनच बनते. चिपा मिळेपर्यंत लॉजिसिम इव्होल्यूशन या मोफत प्रणालीत हीच मंडले पडद्यावर जोडून पाहता येतील, पण निदान बेरीज आणि मेमरी ही दोन मंडले तारांनीच बांधावीत असा माझा आग्रह आहे.

जुना डेस्कटॉप उघडताना घ्यायची काळजी थोडक्यात लिहितो. भिंतीतील सॉकेटमधून यंत्राची वायर पूर्ण काढा. आतली पॉवर सप्लायची धातूची पेटी कोणत्याही परिस्थितीत उघडू नका, कारण तिच्यातील कॅपॅसिटर वीज बंद केल्यानंतरही भार धरून ठेवतात. जुना काचनळीचा मॉनिटर असेल तर त्यालाही हात नको. हार्ड डिस्क उघडायला हरकत नाही, आतील आरशासारखी तबकडी आणि तिच्यावर तरंगणारा हात पाहण्याजोगा असतो, मात्र लॅपटॉपमधील लहान डिस्कची तबकडी बहुधा काचेची असते, ती वाकवू नये.


उत्तर : अक्षरजुळणी

माझे काम मराठी अक्षरजुळणीचे आहे, म्हणून त्या बाजूची एक गोष्ट सुचवते. यंत्रात सगळ्या संख्याच असतात हे मुलांनी मान्य केले की त्यांचा पुढचा प्रश्न असतो, मग माझे नाव कोठे असते. या ठिकाणी बहुतेक पुस्तके इंग्रजी ए म्हणजे ६५ असे सांगून पुढे जातात. आपण देवनागरी घ्यावी, कारण तिच्यात पाहण्यासारखे पुष्कळ आहे.

युनिकोडमध्ये, म्हणजे जगातील लिप्यांच्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, देवनागरीसाठी २३०४ ते २४३१ अशा १२८ जागा आहेत. क म्हणजे २३२५. 'मराठी' हा शब्द मुलांना तीन अक्षरांचा दिसतो, पण मेमरीत तो पाच संख्यांचा असतो : २३५०, २३५२, २३६६, २३३६, २३६८. म, र, काना, ठ, दुसरी वेलांटी. 'कि' लिहिताना पहिली वेलांटी आपण आधी काढतो, मेमरीत मात्र क आधी आणि वेलांटी नंतर असते, आणि पडद्यावर दाखवण्याच्या वेळी अक्षररचनेची प्रणाली ती डावीकडे नेते. 'क्ष' म्हणजे २३२५, २३८१, २३५९ अशा तीन संख्या : क, हलन्त, ष. अनेक ठिकाणी 'क्ष' लिहून बॅकस्पेस एकदा दाबली तर 'क्' उरतो, ते याचमुळे. यूटीएफ-८ या प्रचलित पद्धतीत यातील प्रत्येक संख्येला तीन बाइट (एक बाइट म्हणजे आठ बिट) लागतात, म्हणजे 'मराठी' साठवायला १५ बाइट. प्रत्येक मुलाला आपल्या नावाच्या संख्या शोधून त्या सरांनी सांगितलेल्या ० आणि १ मध्ये लिहायला सांगा. २३२५ म्हणजे १००१०००१०१०१.

आणि मुले वृत्ते शिकत असतील तर द्विमान पद्धतीची ओळख त्यांना झालेलीच आहे. लघु आणि गुरु अशा दोन चिन्हांच्या तीन जागांतून आठच गण होतात, त्याहून अधिक होऊ शकत नाहीत. 'यमाताराजभानसलगा' या सूत्रात लघुसाठी ० आणि गुरूसाठी १ लिहा : ०१११०१०००१. कोठूनही सलग तीन अंक उचला, एक गण मिळतो, आणि आठही गण एकेकदाच येतात. पिंगलाच्या छंदःशास्त्रातील प्रस्तार म्हणजे अशा सर्व लघुगुरुरचना क्रमाने मांडण्याची रीत आहे. चार जागांचा प्रस्तार मुलांकडून मांडून घ्या, त्यांना सोळा ओळी मिळतील.


गोदाकाठ (नाशिक)

तिघांचेही मनापासून आभार. कागदी यंत्र सुरू झाले आहे आणि जिन्याच्या दिव्याचे मंडल मुलांनी बांधले आहे. एक प्रसंग घडला तो लिहिते, कारण त्यातून निघालेला प्रश्न माझ्या आवाक्याबाहेरचा आहे.

मुलांनी दिलेल्या संख्येत वर्षाचे दिवस मिळवणारा प्रोग्रॅम लिहिला. खण ०० मध्ये ९०१, ०१ मध्ये १०३, ०२ मध्ये ९०२, आणि ०३ मध्ये ३६५ ही संख्या. शेवटी ००० लिहायचे राहून गेले. वाटीत २०० ची चिठ्ठी होती, बाहेर ५६५ आले, उत्तर बरोबर होते. पण सोंगटी पुढे सरकून ०३ वर आली आणि पुकारणाऱ्या मुलाने ३६५ ही आज्ञा म्हणून वाचली : पाटीवरची संख्या खण ६५ मध्ये लिहा. नियमाप्रमाणे तसे झाले आणि दुसऱ्या मुलाने खण ६५ मध्ये ठेवलेली संख्या पुसली गेली. त्यावर मोठा वाद झाला. धाकट्याचे म्हणणे, ३६५ हे वर्षाचे दिवस आहेत, ती आज्ञा नाहीच. थोरलीचे म्हणणे, यंत्राला ते कळायला हवे. शिवाय सोंगटी पुढे रिकाम्या खणावर गेली तेव्हा रिकामा खण म्हणजे शून्य धरावा का, यावरही एकमत झाले नाही. खऱ्या संगणकात असा गोंधळ होतो का? आणि तेथे आज्ञा कोणती व संख्या कोणती हे कोण ठरवते?


उत्तर : कोथरूडचा बाबा (पुणे)

ताई, मुले योग्य जागी पोहोचली आहेत. खऱ्या संगणकातही खणातील संख्येवर ती काय आहे याची कोणतीही खूण नसते. खण ०३ पर्यंत आपण दोन वाटांनी पोहोचलो. १०३ या आज्ञेतील शेवटच्या दोन अंकांनी पोहोचलो तेव्हा ३६५ ही संख्या होती, सोंगटीने पोहोचलो तेव्हा तीच आज्ञा झाली. अर्थ वाटेने ठरतो. धाकट्याला हे समजावताना त्याचे म्हणणे खोडू नका. त्याने ३६५ लिहिले तेव्हा त्याच्या मनात वर्षाचे दिवस होते हे खरेच आहे, मात्र त्याच्या मनातील अर्थ खणात उतरला नाही, केवळ तीन अंक उतरले.

रिकाम्या खणाविषयी : खऱ्या मेमरीत रिकामा खण नसतो. वीज सुरू होताच प्रत्येक बिट ० किंवा १ यांपैकी काहीतरी असतेच आणि ते काय असेल यावर विसंबता येत नाही. म्हणून मुलांनी खेळ सुरू करण्यापूर्वी सगळ्या खणांत मनाला येतील त्या संख्या भराव्यात. मग ००० विसरण्याचे परिणाम आपोआप दिसतील.

या रचनेचा लाभ मोठा आहे. आज्ञा संख्याच असल्यामुळे एक प्रोग्रॅम दुसऱ्या प्रोग्रॅमला माहितीसारखे उचलू शकतो, तपासू शकतो, नव्याने लिहू शकतो. आपण फोनवर एखादे अ‍ॅप उतरवून घेतो तेव्हा ते आधी माहिती म्हणून येते आणि मग आज्ञा म्हणून चालते. धोकाही येथेच आहे. नोव्हेंबर १९८८ मध्ये इंटरनेटवर पसरलेल्या मॉरिस वर्मचा (स्वतःच्या प्रती करत पसरणाऱ्या प्रोग्रॅमचा) एक मार्ग हाच होता : राखून ठेवलेल्या जागेपेक्षा लांब मजकूर पाठवायचा, म्हणजे उरलेला भाग शेजारच्या खणांवर लिहिला जातो, आणि मग यंत्राची सोंगटी त्या मजकुरावर वळते. २००३ पासून एएमडी कंपनीच्या ६४ बिटांच्या प्रोसेसरांत मेमरीच्या एखाद्या भागावर 'येथून आज्ञा घेऊ नये' अशी खूण करण्याची सोय आली आणि आज ती सर्वत्र आहे. मुलांनी काही खणांना लाल ठिपका द्यावा आणि सोंगटी लाल खणावर आली तर यंत्र तात्काळ थांबवावे, असा नियम करून पाहा. ठिपके कोणी आणि केव्हा लावायचे, हा प्रश्न त्यांनीच सोडवावा. खऱ्या संगणकात ते काम ऑपरेटिंग सिस्टिम करते.


उत्तर : सेवानिवृत्त अध्यापक (सांगली)

यात एक भर घालतो. काही यंत्रांत आज्ञा आणि संख्या मुळातच वेगळ्या ठेवतात. आर्डुइनो उनो आर३ या लहान प्रयोग-पाटीवरील प्रोसेसरमध्ये आज्ञांसाठी ३२ किलोबाइट आणि संख्यांसाठी २ किलोबाइट अशा दोन स्वतंत्र मेमऱ्या असतात. आपल्या मुलांनी पुढे हे आर्डुइनो घेतले तर तेथे हा प्रसंग घडणार नाही, त्याचे कारण त्यांना ठाऊक असावे.

मात्र हा प्रसंग खऱ्या यंत्रावर पाहायचा असेल तर ८०८५ प्रोसेसरचा प्रशिक्षण संच मिळवा. बारावीच्या द्विलक्षी संगणकशास्त्रात हा प्रोसेसर अनेक वर्षे शिकवला गेला, त्यामुळे जवळच्या कनिष्ठ महाविद्यालयात किंवा तंत्रनिकेतनात विचारणा केल्यास एखादा संच काही दिवस पाहायला मिळू शकेल. त्याच्यावर पडदा नाही, माऊस नाही, केवळ सोळा-आधारी अंकांचा (० ते ९ आणि ए ते एफ) कळफलक आणि काही दिवे आहेत, आणि मुलांनी कळ दाबून लिहिलेली संख्या थेट मेमरीच्या खणात जाते. सलग तीन खणांत ६२, ११८, ११८ या संख्या लिहायला सांगा. संचाच्या सोळा-आधारी कळांवर त्या ३ई, ७६, ७६ अशा होतील. ६२ म्हणजे 'पुढच्या खणातील संख्या अ रजिस्टरमध्ये (प्रोसेसरमधील पाटीवर) घ्या', आणि आज्ञा म्हणून वाचलेला ११८ म्हणजे 'थांबा'. प्रोग्रॅम चालवल्यावर पहिला ११८ संख्या म्हणून रजिस्टरमध्ये जातो आणि दुसऱ्या ११८ वर यंत्र थांबते. मग खण बदलून पाहा : सुरुवात एक खण पुढून करा, म्हणजे पहिल्याच ११८ पासून. यंत्र काय करील हे मुलांनी कळ दाबण्याआधी कागदावर लिहून ठेवावे.